तेजोमेघ: आकाशातील धूळ आणि राख



या व्याख्यानमालेत यापूर्वी आम्ही दोनदा बोललो. दोन्ही वेळा विषय आमच्या रोजच्या कामातले होते. एकदा किमान वेतन, एकदा भविष्यनिर्वाह निधी. यंदा चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘आकाशातील तेजोमेघ’ असे सांगितले आणि ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. कामगार संघटनेच्या माणसाला आकाशाशी काय कर्तव्य, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो, आणि मग विषयाकडे वळतो.

१९९८ सालच्या डिसेंबरात आमच्या भागातील एका सूतगिरणीत टाळेबंदी झाली. फाटकासमोर रात्रंदिवस पाळी लावून बसावे लागे. गिरणीचे मोठाले दिवे बंद होते, त्यामुळे एरवी कधी न दिसणारे आकाश आम्हाला त्या महिनाभरात दिसले. आमच्याबरोबर कार्डिंग खात्यातले एक वयस्क कामगार बसत. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचे बालपण शेतावर गेले होते, त्यामुळे नक्षत्रे त्यांना घरच्या माणसांसारखी ओळखीची. एका रात्री मृगाकडे बोट करून ते म्हणाले, “सेक्रेटरी, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. त्या बाणाच्या खाली तीन बारीक तारे लोंबतात बघा. त्यातला मधला असा पुसल्यासारखा का दिसतो?”

आम्हाला उत्तर आले नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि तेही बहुतेक कायद्याच्या पुस्तकांपुरते. तरी आम्ही शोध घेतला आणि चार महिन्यांनी एका द्वारसभेनंतर मामांना ऐटीत सांगितले, “मामा, तो तारा नव्हेच. तो जळता वायू आहे.” मामांनी विचार केला आणि विचारले, “जळतंय, तर राख कुठं पडते?” सगळे हसले. आम्हीही हसलो.

मामा २००९ साली गेले. आमचे उत्तर चूक होते आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर आहे.

आता विषयाकडे येऊ. प्रथम नावाविषयी दोन शब्द. जुन्या मराठी पुस्तकांत ‘तेजोमेघ’ हा शब्द आढळतो, आणि तो कानाला गोड आहे. मराठी विश्वकोशाने ‘अभ्रिका’ हा शब्द योजला आहे. अभ्र म्हणजे ढग, म्हणून अभ्रिका. विचार करता हा दुसरा शब्द अधिक नेमका वाटतो. कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे या ढगांपैकी काहींना तेज मुळीच नसते. तरी लोकांच्या तोंडी तेजोमेघ रुळला आहे, म्हणून आम्ही दोन्ही शब्द वापरू.

तेजोमेघ म्हणजे काय? ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेला वायू आणि धूळ यांचा ढग. वायूत सर्वांत अधिक हायड्रोजन, त्याखालोखाल हेलियम, आणि बाकीची मूलद्रव्ये अगदी थोडी. धूळ म्हणजे कार्बनचे आणि वाळूच्या जातीच्या खनिजांचे अतिसूक्ष्म कण. वजनाने पाहिले तर शंभर भागांत धूळ साधारण एक भाग भरते. पण पुढच्या गोष्टीत या एका भागाचे काम फार मोठे आहे.

‘ढग’ या शब्दाने फसू नये. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या लहानशा खड्याएवढ्या जागेत, जितके रेणू असतात ती संख्या लिहायला दोनावर एकोणीस शून्ये आणि वर काही द्यावी लागतात. मृगातील तेजोमेघात तेवढ्याच जागेत काही शेकड्यांपासून सुमारे दहा हजारांपर्यंत अणू असतात. पृथ्वीवरच्या कारखान्यांतील उत्तमोत्तम पंपांनी काढलेली निर्वातताही सहसा याहून दाट असते. मग एवढा विरळ पदार्थ दिसतो तरी कसा? तो अफाट पसरलेला आहे म्हणून. मृगातील हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचा विस्तार वीस प्रकाशवर्षांहून अधिक आहे. प्रकाश सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावतो. त्या वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जावयास ज्याला वीस वर्षांवर लागतात, अशी ती जागा. इतक्या खोलीतून पाहिले की विरळ वायूही दिसू लागतो. एका चातीवरचा धागा दुरून दिसत नाही, पण हजार चात्यांचे सूत एकत्र आले की दिसते, तसेच हे.

या अभ्रिकांची पहिली नामांकित यादी ज्याने केली, त्याला त्या नको होत्या, ही गंमतीची गोष्ट आहे. शार्ल मेसिए हा फ्रान्समधला माणूस वेधशाळेत लेखनिक म्हणून कामाला लागला. त्याला धूमकेतू शोधण्याचा नाद. धूमकेतू दुर्बिणीत धुरकट ठिपक्यासारखा दिसतो, आणि आकाशात असे कितीतरी ठिपके होते की जे जागचे हलत नसत. १७५८ साली वृषभ राशीत अशाच एका ठिपक्याने त्याची दिशाभूल केली. पुन्हा वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्याने ‘हे धूमकेतू नव्हेत’ अशा वस्तूंची यादी करावयास घेतली. १७८१ पर्यंत ती शंभरावर गेली. त्याने शोधलेले धूमकेतू आज अभ्यासकांखेरीज कुणाला आठवत नाहीत. पण जी यादी अडगळ बाजूला काढण्यासाठी केली तिचे क्रमांक जगभर चालतात. मृगातला तेजोमेघ त्या यादीत बेचाळिसावा आहे.

मेसिएच्या पाठोपाठ इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल आला. मूळचा जर्मनीतला, लष्करी बँडात वाजवणारा वादक. त्याने स्वतःच्या हाताने आरसे घासून दुर्बिणी केल्या आणि अडीच हजार अभ्रिका व तारकागुच्छ यांची नोंद केली. रात्री तो दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगे आणि त्याची बहीण कॅरोलिन ते उतरवून घेई. दिवसा हिशेब तिनेच करावयाचे. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. अशा कामासाठी पगार घेणारी ती इंग्लंडमधली पहिली स्त्री.

पण पाहणे वेगळे आणि कळणे वेगळे. हे ठिपके म्हणजे दूरच्या ताऱ्यांची गर्दी, की खरोखरचा ढग, हा वाद शंभर वर्षे मिटला नाही. तो मिटवावयास सुरुवात केली एका कापडवाल्याने. लंडनमधील विल्यम हगिन्स वडिलांचे रेशमी कापडाचे दुकान चालवी. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. दुकान विकून त्याने घरीच वेधशाळा उभारली. लोलकातून प्रकाश गेला की त्याचे रंग वेगळे होतात हे आपण शाळेत पाहतो. ताऱ्याचा प्रकाश असा फोडला तर सर्व रंगांचा सलग पट्टा पडतो आणि त्यात काळ्या रेघा असतात. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री हगिन्सने कालेय तारकासमूहातील एका अभ्रिकेचा प्रकाश फोडून पाहिला. पट्टा दिसलाच नाही. दिसल्या त्या काही मोजक्या चकाकत्या रेघा. तापलेल्या विरळ वायूची ही सही आहे. म्हणजे निदान ही अभ्रिका ताऱ्यांची गर्दी नव्हे, ती वायूच होय, हे त्या एका रात्री ठरले.

त्या रेघांपैकी सर्वांत ठळक हिरवी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही द्रव्याशी जुळेना. तेव्हा पंडितांनी ‘नेब्युलियम’ नावाचे नवेच मूलद्रव्य मानले. ते साठ-बासष्ट वर्षे मानले गेले, पण कुणाला सापडले नाही. १९२७ साली अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ही रेघ साध्या प्राणवायूची आहे. मात्र त्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असले पाहिजेत, आणि अणूंची गर्दी इतकी कमी पाहिजे की एकाचा दुसऱ्याला बराच वेळ धक्का लागू नये. पृथ्वीवर अशी मोकळीक मिळणे कठीण. आपण रोज घेतो तोच प्राणवायू, परिस्थिती बदलल्याने ओळखू येईना. येथे आमच्या देशाच्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. किती उष्णतेला कोणत्या अणूचे इलेक्ट्रॉन सुटतात याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. ताऱ्यांच्या वर्णपटाची भाषा त्या गणिताने वाचता येऊ लागली. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील एका किरकोळ दुकानदाराचे चिरंजीव.

आता प्रकार सांगतो. पहिला प्रकार स्वतःच्या तेजाचा. त्याला उत्सर्जन अभ्रिका म्हणतात. मृगातला तेजोमेघ याच जातीचा. त्याच्या मध्यभागी चार तेजस्वी ताऱ्यांचा एक चौकोनी पुंजका आहे. त्यातला सर्वांत प्रखर तारा इतका तप्त आहे, की त्यातून अतिनील किरणांचा लोट निघतो. ते किरण हायड्रोजनच्या अणूवर आदळून त्याचा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूत जाऊन बसतो, तेव्हा पायरीपायरीने खाली उतरतो आणि प्रत्येक पायरीला ठराविक रंगाचा प्रकाश देतो. हायड्रोजनचा ठळक रंग तांबडा. दुकानांच्या पाट्यांवर निऑनच्या रंगीत नळ्या असत, त्या आपण पाहिल्या आहेत. त्या नळीत काही जळत नसते. नळी फुटली तर चिमूटभर राख पडत नाही. विजेने डिवचलेला वायू उजळतो, एवढेच. तेजोमेघात विजेच्या जागी ताऱ्याचे अतिनील किरण आहेत, हाच काय तो फरक. म्हणजे आम्ही मामांना जे सांगितले ते साफ चूक. तेथे जाळ नाही.

दुसरा प्रकार उसन्या उजेडाचा, म्हणजे परावर्तन अभ्रिका. कार्डिंग खात्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे चटकन कळेल. छताच्या काचेतून उन्हाची तिरीप आत येते, आणि एरवी न दिसणारे कापसाचे तंतू त्या तिरिपेत चमकू लागतात. तंतूंना स्वतःचा उजेड नसतो. कृत्तिकांच्या भोवती असेच निळसर धुके आहे. त्यातील ताऱ्यांना वायू उजळविण्याइतकी प्रखरता नाही, पण त्यांचा प्रकाश धुळीवर पडून आपल्याकडे वळतो. १९१२ साली व्हेस्टो स्लायफर यांनी या धुक्याचा वर्णपट घेतला, तो शेजारच्या ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच निघाला. उजेड उसना असल्याचा हा चोख पुरावा. रंग निळा का, तर बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून. आपले आकाशही अशाच कारणाने निळे आहे. एके काळी असे मानीत, की हे धुके म्हणजे कृत्तिकांच्या जन्माच्या वेळचा उरलेला माल. आता कळले आहे, की हा ढग निराळाच आहे आणि कृत्तिका वाटेने जाताना त्यातून चालल्या आहेत.

तिसरा प्रकार काळ्या अभ्रिकांचा. आकाशगंगेच्या पट्ट्यात मध्येच काळी भगदाडे दिसतात. हर्शेलला वाटे, की तेथे तारेच नाहीत, आकाशाला भोक पडले आहे. वस्तुतः तेथे धुळीचा दाट ढग आडवा आलेला असतो. हे ज्याने नेटाने दाखवून दिले तो एडवर्ड बर्नार्ड. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावचा गरीब मुलगा. जन्मापूर्वीच वडील वारले. नऊ वर्षांचा असताना तो छायाचित्रकाराच्या दुकानी नोकरीला लागला. तेथे शिकलेली कला त्याने पुढे आकाशाला लावली आणि १९१९ साली १८२ काळ्या अभ्रिकांची यादी प्रसिद्ध केली. या ढगांच्या पोटात उष्णता शून्याखाली अडीचशे अंशांच्याही खाली गेलेली असते. आपल्याकडून अशी अभ्रिका पाहावयाची तर चैत्र-वैशाखात रात्री दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू दिसतो, त्याला लागूनच एक काळा डाग आहे. त्यासाठी मात्र शहराच्या उजेडापासून लांब जावे लागेल.

या तीन प्रकारांविषयी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. हे तीन निरनिराळे पदार्थ नव्हेत. पदार्थ एकच. तप्त तारा जवळ असला तर तो स्वतः उजळतो. मंद तारा असला तर उसना उजेड दाखवतो. उजेड मागे आणि ढग पुढे असला तर काळा दिसतो. मृगाच्या परिसरात एकाच प्रचंड ढगात तिन्ही प्रकार आहेत. बाणाखालचा तेजोमेघ स्वतःच्या तेजाचा, मेसिएच्या यादीतला अठ्ठ्याहत्तरावा उसन्या तेजाचा, आणि काळ्यांमध्ये प्रसिद्ध ती अश्वमुख अभ्रिका.

या अश्वमुखाची कथा आमच्या व्यवसायाशी जवळची आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडमधली बाई १८७८ साली नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली. दिवस गेलेले असताना नवऱ्याने तिला टाकले. पोटासाठी ती हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण राहिली. पुढे तिला वेधशाळेत हिशेबाच्या कामावर घेतले. तेथे स्त्रियांची एक तुकडीच आकाशाच्या काचा तपासावयास बसे. त्या स्त्रियांना ताशी पाव डॉलरच्या आसपास मजुरी मिळे. १८८८ साली घेतलेल्या एका काचेवर, बाणातल्या सर्वांत पूर्वेकडच्या ताऱ्याच्या दक्षिणेला, उजळ पट्ट्यात एक अर्धगोल खाच तिला दिसली. तिने ती टिपून ठेवली. तीच अश्वमुख अभ्रिका. १८९५ साली अभ्रिकांची मोठी सूची छापून निघाली, तेव्हा हार्वर्डच्या शोधांपुढे नाव पडले ते पिकरिंग यांचे एकट्याचे. पुढील पुरवणीत, १९०८ साली, तिच्या नंतरच्या शोधांना तिचे नाव मिळाले.

१९०० साली तिने ठेवलेल्या रोजनिशीत पगाराचा विषय आहे. तिला वर्षाला दीड हजार डॉलर मिळत आणि काही पुरुष सहायकांना अडीच हजार. घर आणि संसार आपल्यालाही चालवावयाचा असतो, हे संचालकांच्या मनात कधी येते की नाही, असे तिने लिहून ठेवले आहे. ते वाचताना आम्हाला आमच्या कचेरीत येणाऱ्या कितीतरी भगिनींचा अर्ज वाचल्यासारखे वाटले. हिने दहा नवतारे, तीनशेहून अधिक रूपविकारी तारे आणि पन्नासांवर अभ्रिका शोधल्या.

असो. वरचे तीन प्रकार ढगाच्या उजेडावरून पडले. आणखी दोन प्रकार ताऱ्याच्या मरणातून होतात. पहिल्याला ग्रहसदृश अभ्रिका किंवा बिंबाभ्रिका म्हणतात. हर्शेलच्या दुर्बिणीत त्या ग्रहाच्या बिंबासारख्या वाटोळ्या दिसल्या म्हणून हे नाव, ग्रहाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. हगिन्सने १८६४ साली पाहिली ती याच जातीची. सूर्यासारखा मध्यम तारा म्हातारा झाला की फुगून तांबडा राक्षसी होतो, आणि आपली बाहेरची आवरणे हळूहळू अवकाशात सोडतो. आत उरतो तो उघडा पडलेला तप्त गाभा. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतीची आवरणे उजळतात. अभिजितच्या जवळ स्वरमंडळात कंकणाकृती अभ्रिका आहे, ती म्हणजे अशीच एक सोडलेली कात. ही शोभा ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने क्षणभराची, फार तर काही दहा हजार वर्षांची. वायू पसरत जातो, विरतो, आणि गाभा श्वेत लघुतारा होऊन थंड होत राहतो. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याच्या निम्म्याहून अधिक. अशा ताऱ्याचे वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे जाऊ शकत नाही हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरुणपणीच गणिताने काढले. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या सूर्याचीही हीच गत होणार आहे, पण त्याला सुमारे पाचशे कोटी वर्षे अवकाश आहे. तोवर आपल्या मागण्या मंजूर होतील अशी आशा करू.

दुसरा प्रकार अतिनवताऱ्याच्या अवशेषांचा. सूर्याच्या आठपटींहून जड तारा शांतपणे मरत नाही. त्याचा गाभा एकाएकी कोसळतो आणि बाकीचा तारा स्फोटाने उधळतो. १०५४ सालच्या जुलैत चीनमधील ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तो तेवीस दिवस भर दुपारी दिसत होता, आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. आज त्या जागी खेकड्याच्या आकाराची एक अभ्रिका आहे. सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगाने ती अजून फाकते आहे. १७५८ साली मेसिएला ज्या ठिपक्याने चकविले तो हाच. त्याच्या मध्यभागी कोसळलेला गाभा सेकंदाला तीस फेरे घेत फिरतो, हे १९६८ साली कळले. एवढे जड वजन आणि सेकंदाला तीस फेरे! आमच्या चात्या याहून जलद फिरतात खऱ्या, पण त्यांच्यावर सूर्याहून अधिक भार नसतो.

एक जुनी समजूत येथे दुरुस्त केली पाहिजे. जुन्या पुस्तकांत देवयानीतील धुरकट ठिपक्यालाही तेजोमेघच म्हटले आहे. तो ढग नव्हे. १९२३ साली एडविन हबल यांनी त्यात एक रूपविकारी तारा हुडकला आणि त्यावरून अंतर काढले. तेव्हा सिद्ध झाले, की ती आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा आहे. आजच्या मोजणीने तिचे अंतर पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे भरते. तेव्हा ‘सर्पिल तेजोमेघ’ असा शब्द वाचनात आला तर तेथे दीर्घिका समजावी.

छायाचित्रांबद्दलही सावध राहिले पाहिजे. पुस्तकात तेजोमेघ गुलाबी, निळे, सोनेरी दिसतात. दुर्बिणीला डोळा लावला तर मात्र राखाडी किंवा किंचित हिरवट धूसर दिसते. यात कुणी लबाडी केलेली नाही. आपला डोळा मंद उजेडात रंग ओळखत नाही, आणि कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवीत बसतो. २०२१ च्या डिसेंबरात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची जुलै २०२२ मधली चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली. ती दुर्बीण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण टिपते, रंग नंतर नेमून दिलेले असतात. या किरणांचा मोठा गुण असा, की ते धुळीतून पार होतात. रेडिओलहरी तर त्याहूनही सहज पार होतात. अशा लहरी टिपणारी जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अतिनवताऱ्यांच्या अवशेषांचा अभ्यास तेथेही होतो.

आता मामांच्या राखेकडे येतो.

मृगातल्या तेजोमेघात जाळ नाही, म्हणून तेथे राख पडत नाही, हे खरे. पण तेथे मुळातच जी धूळ आहे ती कोठून आली? ती राखच आहे. ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते, हेलियमचे कार्बन आणि प्राणवायू होतो. हे आपल्या चुलीसारखे जळणे नव्हे, तरी शास्त्रज्ञही त्याच्या उरलेल्या मालाला राखच म्हणतात. म्हातारे तांबडे तारे ही राख काजळी आणि वाळू यांच्या रूपाने बाहेर सोडतात. अतिनवतारे स्फोटाने उधळतात. त्यांत सूर्याहून फार जड असे तारे येतात, तसेच शेजाऱ्याचा वायू ओढून स्फोट पावणारे श्वेत लघुतारेही येतात. आपल्या रक्तातले लोखंड आणि साच्याच्या बिडातले लोखंड दोन्ही अशा स्फोटांत तयार झाले.

ही राख पुन्हा थंड काळ्या ढगांत मिसळते. ढग स्वतःच्या वजनाने जागोजाग आकसतो, त्याच्या गाठी बनतात, आणि गाठीच्या पोटात नवा तारा पेटतो. मृगातल्या तेजोमेघात या घटकेस हेच चालले आहे. तेथे हजारो तारे जेमतेम दहा-वीस लक्ष वर्षांचे आहेत, म्हणजे तान्ही मुलेच. हबल दुर्बिणीने त्यांतल्या दीडशेहून अधिक ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या पाहिल्या. अशाच चकतीतून आपली पृथ्वी ४६० कोटी वर्षांपूर्वी घडली. म्हणजे मामांनी ज्या पुसल्यासारख्या ताऱ्याकडे बोट केले, ती नव्या सूर्यांची बाळंतिणीची खोली होती. आणि राख कोठे पडते, या त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की ती तेथेच पडते, त्याच ढगात. तिच्यातूनच पुढचे सूर्य होतात, पुढच्या पृथ्व्या होतात. ज्या हाताने त्यांनी बोट दाखवले, तो हातही त्याच राखेचा होता.

हे आम्हाला २०११-१२ च्या सुमारास नीट उमगले, आणि मामा तेव्हा नव्हते. ज्या कापसाच्या धुळीत त्यांनी तीस वर्षे काढली, तिनेच शेवटी त्यांचा श्वास कोंडला. धूळ धोक्याची आहे हे कळूनही तोंडावरचा साधा रुमाल सोडून त्यांना दुसरे काही मिळाले नाही, आणि ते मिळवून देण्यात आम्हीही कमी पडलो. आकाशातल्या धुळीवर बोलताना ही गोष्ट लपवून ठेवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

कामगाराला तेजोमेघाचे ज्ञान घेऊन काय मिळणार, असे आमचेच सहकारी विचारतात. महागाई भत्ता वाढणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण प्रश्न आधी एका कार्डिंगवाल्यानेच विचारला होता. आठ तास मशीनवर उभे राहिल्याने माणसाचे कुतूहल मरत नाही. त्याला उत्तर देणारा जवळ नसतो, एवढेच. आणि या ज्ञानाचा इतिहास तरी कुणाचा आहे? बँडातला वादक, त्याची हिशेब ठेवणारी बहीण, कापडवाला, छायाचित्रकाराच्या दुकानातला पोरगा, टाकलेली मोलकरीण, किरकोळ दुकानदाराचा मुलगा. हे सर्व कामावरचे लोक. म्हणून आमची विनंती एवढीच, की ज्याला ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने आपल्या पाळीतल्या माणसाला सांगावे. पूर्ण कळल्यावर सांगू म्हणून आमच्यासारखे थांबू नये.

हे व्याख्यान संपल्यावर घरी जाताना पश्चिमेकडे पाहा. चैत्रात रात्री आठच्या सुमारास मृग त्या बाजूला कललेला असतो. वैशाख लागला की तो क्षितिजाला टेकतो आणि काही आठवडे दिसत नाही, म्हणून उद्यावर टाकू नका. मैदानाच्या दिव्यांपासून थोडे दूर, शाळेच्या मागच्या पटांगणावर उभे राहा. बाणाचे तीन तारे शोधा, त्यांच्याजवळ लोंबणारे तीन बारीक ठिपके शोधा, आणि मधल्याकडे पाहा. साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असली तर उत्तमच. आम्ही आमची घेऊन फाटकाजवळ थांबणार आहोत. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी रांग लावावी, लहान मुलांना पुढे घ्यावे.